गेम बनवू पाहणाऱ्या आंबेडकरी तरुणांनो, आधी बाजार वाचा!

आपल्या वस्त्यांमधला तरुण आता मोबाईलवर नुसता गेम खेळत नाही, त्याला गेम बनवायचाही आहे. कुणी इंजिनिअरिंग करून, कुणी कर्ज काढून अ‍ॅनिमेशनचा कोर्स करून, तर कुणी निव्वळ यूट्यूबवर शिकून या क्षेत्रात येऊ पाहतो आहे. अशा तरुण-तरुणींशी बोलताना आम्हाला एक गोष्ट वारंवार दिसते. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या मनात एकच गेम असतो : भीमा कोरेगाव. १ जानेवारी १८१८ ची लढाई, नदीकाठचा मोठा खुला मुलूख, घोडे, तोफा, हाती बंदूक घेतलेला महार सैनिक आणि समोर पेशव्यांची फौज. तयारी काय, तर तीन मित्र, दोन लॅपटॉप आणि एका वर्षाची मुदत.

आमचे मत आम्ही सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. हा गेम आत्ता बनवू नका. विषय चुकीचा आहे म्हणून नव्हे, तर गेमचा प्रकार आणि बाजारातली स्पर्धा न पाहता हा निर्णय घेतला जातो म्हणून. वर्षभराने हाती अर्धवट गेम, डोक्यावर कर्ज आणि 'आपल्याला हे जमत नाही' ही भावना उरते. आपल्या मुलांच्या मनात ही भावना पेरायला इथली व्यवस्था हजारो वर्षे समर्थ आहे. आपण तिला आणखी मदत करू नये.

चळवळीतल्या काही ज्येष्ठांना हा विषयच पोरकट वाटेल. आरक्षण धोक्यात आहे, शिष्यवृत्त्या रखडल्या आहेत, अत्याचार थांबलेले नाहीत, आणि तुम्ही गेमच्या गप्पा मारता, असे ते म्हणतील. त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे की, ज्याला आपण पोरखेळ म्हणतो तिथेच 'भारतीय संस्कृती म्हणजे काय' या प्रश्नाचे उत्तर आपल्या मुलांच्या डोक्यात रोज भरले जात आहे. २०२० साली पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सने 'राजी' हा गेम आणला. कारागिरी उत्तम होती आणि जगभर त्याची दखल घेतली गेली. पण त्यातला भारत दुर्गा आणि विष्णू यांच्या पुराणकथांचा भारत आहे. २६ जानेवारी २०२१ रोजी, म्हणजे प्रजासत्ताक दिनी, 'फौ-जी' आला, तो गलवानच्या सीमेवरचा. पुराण आणि सैन्य या दोन खांबांवर 'भारतीय गेम' उभा राहतो आहे. बुद्ध, कबीर, फुले आणि बाबासाहेबांच्या भारताला तिथे अजून जवळजवळ जागा नाही. ती जागा कुणी आपल्याला आणून देणार नाही. मात्र ती घ्यायची तर घोषणा पुरणार नाहीत, धंद्याचे गणित कळावे लागेल.

गेमचा प्रकार म्हणजे हाताला दिलेले काम

सिनेमाचा प्रकार विषयावरून किंवा भावनेवरून ओळखतात. प्रेमकथा, भयपट, विनोदी, चरित्रपट. गेमचे तसे नसते. गेमचा प्रकार ठरतो तो खेळणाऱ्याच्या हाताला काय काम दिले आहे यावरून. बंदूक रोखून नेम धरायचा असेल तर शूटर. उड्या मारत पुढे जायचे असेल तर प्लॅटफॉर्मर. पत्त्यांचा जोड बांधत लढायचे असेल तर डेकबिल्डर. शेती, दुकान किंवा शहर चालवायचे असेल तर सिम्युलेशन. म्हणून 'आमचा गेम बाबासाहेबांवर आहे' हे गेमच्या प्रकाराचे उत्तर होत नाही, तो विषय झाला. खेळणारा त्यात नेमके काय करणार, हे सांगता आले नाही तर तुमच्याकडे अजून गेम नाही, फक्त भावना आहे.

हे प्रकार आकाशातून पडत नाहीत. आधी एखादा गेम येतो, मग त्याच्या नकला येतात, नकलांची गर्दी होते आणि त्या गर्दीला नाव मिळते. १९९३ मध्ये 'डूम' आला. पुढची काही वर्षे तशा गेमना 'डूमची नक्कल' असेच म्हणत. 'फर्स्ट पर्सन शूटर' हे नाव नंतर रूढ झाले. १९८० च्या 'रोग' या गेमवरून 'रोगलाईक' हा शब्द आला. 'मेट्रॉइड' आणि 'कॅसलव्हेनिया' ही दोन नावे जोडून 'मेट्रॉइडव्हेनिया' तयार झाले. २०११ च्या 'डार्क सोल्स'ने 'सोल्सलाईक' दिले.

डेव्हलपरने यातून घ्यायचा धडा असा : एखाद्या प्रकाराला सर्वांच्या तोंडी बसलेले नाव मिळते, तोवर त्याचा बाजार बहुधा भरलेला असतो. पबजी मार्च २०१७ मध्ये विक्रीला आला आणि त्याच सप्टेंबरात फोर्टनाईटने तोच प्रकार फुकट वाटायला सुरुवात केली. पुण्याच्या सुपरगेमिंगचा 'इंडस' हा बॅटल रॉयल ऑक्टोबर २०२४ मध्ये आला, म्हणजे सात वर्षांनंतर. तोपर्यंत आपल्या गल्लीतल्या मुलांची बोटे बीजीएमआयला सरावलेली होती. सुपरगेमिंग ही अनुभवी आणि भांडवल असलेली कंपनी आहे. तिलाही जिथे झगडावे लागते, तिथे तीन मित्र आणि दोन लॅपटॉप काय करणार?

आता भीमा कोरेगावच्या खुल्या मैदानाकडे परत पाहा. ओपन वर्ल्ड हा गेमचा सर्वांत महागडा प्रकार आहे. २०१८ च्या 'रेड डेड रिडेम्प्शन २' वर हजारांहून अधिक लोक कित्येक वर्षे राबले होते. घोडा खरा वाटावा, त्याचे खूर चिखलात रुतावेत, यासाठी वेगळी माणसे होती. तुमचा गेम विकत घेणारा माणूस तुमच्या तळमळीची तुलना इतरांच्या तळमळीशी करणार नाही, तो तुमच्या घोड्याची तुलना त्या घोड्याशी करेल. हा अन्याय नाही. तुम्हीच ज्या प्रकारात उतरलात, त्या प्रकाराने दिलेली ती कसोटी आहे.

आपल्या जलसाकारांना हे माहीत होते

प्रकार समजून घेणे म्हणजे बाजाराला शरण जाणे, असे कुणाला वाटत असेल तर त्याने आपलाच इतिहास आठवावा. सत्यशोधक जलसे आणि पुढे भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे कशातून उभे राहिले? तमाशातून. गण, गवळण, बतावणी, वग हा सांगाडा गावोगावच्या प्रेक्षकाला पाठ होता. ढोलकी वाजली की लोक जमणार, सोंगाड्या आला की हसणार, हे ठरलेले होते. जलसाकारांनी हा सांगाडा ओळखला. त्यातली देवांची स्तुती आणि गवळणीतली छेडछाड बाजूला सारली आणि तिथे शिक्षण, अस्पृश्यता, सावकारी आणि अंधश्रद्धा हे विषय आणले. प्रेक्षक ओळखीच्या गोष्टीसाठी आला आणि नवा विचार घेऊन घरी गेला.

वामनदादा कर्डकांपासून पुढच्या शाहिरांनी, गायकांनी कव्वालीचा आणि लोकप्रिय चालींचा वापर केला तोही याच समजुतीतून. लोकांच्या कानाला कोणता ठेका सवयीचा आहे हे त्यांना कळत होते. आजच्या भाषेत बोलायचे तर त्यांना आपला प्रकार कळला होता आणि आपला प्रेक्षक कळला होता.

गेमचा प्रकार म्हणजे खेळणाऱ्याशी केलेला असाच एक करार असतो. तुम्ही 'हा शेतीचा गेम आहे' म्हणता तेव्हा त्याला काय करायचे हे निम्मे आधीच कळलेले असते. ते निम्मे जसेच्या तसे द्या. उरलेल्या निम्म्यात आपले म्हणणे मांडा. सगळेच नवे दिले तर लोक दारातूनच परत जातात. सगळेच जुने दिले तर त्यांना तुमच्याकडे येण्याचे कारणच उरत नाही. नवी मुंबईच्या गेमेशनने २०१६ साली 'लुडो किंग' आणला, तेव्हा लुडोचे नियम कुणालाच शिकवावे लागले नाहीत. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तो घराघरात पोहोचला. ओळखीची ताकद ती हीच.

'गुणवत्ता असेल तर चालेलच' हा भ्रम

गेमच्या क्षेत्रात एक वाक्य सतत ऐकू येते : गेम चांगला असेल तर तो चालतोच. आपल्याला हे वाक्य ओळखीचे वाटायला हवे. आरक्षणाच्या विरोधात 'मेरिट'चा जो युक्तिवाद केला जातो, त्याचेच हे भावंड आहे.

फेब्रुवारी २०१४ मध्ये 'थ्रीज' नावाचा आकडे जुळवण्याचा एक सुंदर गेम आला. बनवणाऱ्यांनी त्यावर वर्षाहून जास्त काळ घाम गाळला होता. त्याची किंमत लावली होती. महिनाभरात त्याच्या नकला आल्या आणि नकलेवरून बेतलेला '२०४८' हा गेम एका तरुणाने शनिवार-रविवारच्या सुट्टीत बनवून फुकट टाकला. आज जगाला '२०४८' माहीत आहे. 'थ्रीज' किती जणांना आठवतो? तेव्हा हेही लक्षात ठेवा की, ज्याचा नियम एका वाक्यात सांगता येतो आणि दोन दिवसांत उचलता येतो, अशा गेममध्ये तुमच्या मेहनतीला कुंपण नसते.

दुसरे उदाहरण नेहमी प्रेरणा म्हणून दिले जाते. एरिक बॅरोन या तरुणाने 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीचा गेम चार वर्षांहून अधिक काळ एकट्याने बनवला आणि २०१६ मध्ये तो प्रचंड गाजला. ही मेहनत खरी आहे, तिला आम्ही सलाम करतो. पण त्या वर्षांत घरखर्चाचा मोठा भार त्याच्या जोडीदाराच्या कमाईवर होता, हे तो स्वतःच सांगतो. चार वर्षे बिनपगारी काम करण्याची मुभा हेसुद्धा भांडवलच असते. ज्या घरात मोठ्या मुलाच्या पगारावर धाकट्या बहिणीची फी ठरते, त्या घरातल्या मुलाला ही मुभा नसते. म्हणून आम्ही म्हणतो, गेमचा प्रकार निवडणे हा आवडीचा प्रश्न नंतर आहे, आधी तो आपल्याकडे किती महिने आहेत याचा प्रश्न आहे.

आता साधा हिशेब करू. पीसी गेमची सर्वांत मोठी बाजारपेठ म्हणजे व्हॉल्व्ह कंपनीचे स्टीम. तिथे एक गेम टाकायला १०० डॉलर भरावे लागतात. गेमने १,००० डॉलरचा धंदा केला तर ते परत मिळतात. विक्रीतले ३० टक्के स्टीम ठेवते. समजा तुमच्या गेमची किंमत २५० रुपये आहे आणि ४०० प्रती विकल्या गेल्या. एकूण एक लाख रुपये. स्टीमचे तीस हजार गेले, राहिले सत्तर हजार. तिघांनी वर्षभर काम केले असेल तर माणशी महिन्याला दोन हजारसुद्धा पडत नाहीत. यात कर आणि परत आलेल्या प्रती धरलेल्याच नाहीत. आणि ज्यांचा गेम १ कोटी डॉलरच्या पुढे जातो त्यांच्या पुढच्या विक्रीवर स्टीमचा वाटा २५ टक्के होतो, ५ कोटींच्या पुढे २० टक्के. म्हणजे जो आधीच श्रीमंत आहे त्याला सवलत आणि जो गरीब आहे त्याला पूर्ण दर. ही उतरंड आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

परताव्याचा नियमही प्रकाराशी जोडलेला आहे. खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर स्टीमवर गेम परत करता येतो. तुमचा गेम दीड तासाची गोष्ट असेल तर एखादा माणूस तो पूर्ण खेळून पैसे परत घेऊ शकतो. ज्या प्रकारात पुन्हा पुन्हा खेळणे असते, त्याला हा धोका कमी.

आणि गर्दी? २०२४ या एका वर्षात स्टीमवर अठरा हजारांहून जास्त गेम आले. म्हणजे दिवसाला सुमारे पन्नास. त्याच्या दहा वर्षांपूर्वी हा वर्षाचा आकडा दोन हजारांच्या आत होता. आज तुमचा गेम ज्या दिवशी येईल त्या दिवशी आणखी पन्नास जणांची वर्षभराची मेहनत शेजारी उभी असेल. दुकान त्यातला कोणता गेम पुढे दाखवते? ज्याला आधीच लोकांनी विशलिस्टमध्ये टाकले आहे आणि जो विकला जातो आहे तो. ज्याच्याकडे आहे, त्यालाच आणखी मिळते.

'मग मोबाईलवर करू, आपले लोक तिथेच आहेत,' असे कुणी म्हणेल. बरोबर आहे. गुगल प्लेवर एकदाच २५ डॉलर भरून खाते उघडता येते आणि पहिल्या १० लाख डॉलरपर्यंतच्या वार्षिक कमाईवर १५ टक्केच कापले जातात. पण तिथला खेळाडू गेमसाठी पैसे मोजत नाही, गेम जाहिरातींवर चालतो. जाहिरातींवर कमावायचे तर लाखो लोक हवेत, आणि ते लाखो लोक मोठ्या कंपन्या जाहिराती देऊन विकत आणतात. मोबाईलवर पोहोच आहे, कमाई नाही. पीसीवर कमाईची शक्यता आहे, पण आपल्या घरात पीसी नाही. हा पेच प्रामाणिकपणे मान्य केल्याशिवाय पुढचे पाऊल टाकता येणार नाही.

बाजार केवळ ग्राहक घडवतो असेही नाही, राज्यसंस्थाही घडवते. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाईलवर एका रात्रीत बंदी आली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर बंदी घातली. रमी आणि फँटसी क्रिकेटच्या ज्या कंपन्यांत आपली काही मुले नोकरीला होती, त्यांचा धंदाच उठला. गरिबाच्या खिशातून पैसा काढणाऱ्या खेळांबद्दल आम्हाला दुःख नाही. पण ज्याने तोच एक प्रकार शिकून घेतला होता त्याचे काय? एकाच प्रकारावर आणि एकाच कंपनीवर जगणे धोक्याचे, हा त्याचा अर्थ.

विचार गोष्टीत नसतो, नियमांत असतो

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येऊ. गेम भाषण देऊन पटवत नाही. तो नियम देतो आणि माणसाला त्या नियमांत जगायला लावतो.

आपल्याकडे 'व्यापार' नावाने खेळला जाणारा पटावरचा खेळ सर्वांना माहीत आहे. तो ज्या 'मोनोपॉली'वरून आला, त्याचे मूळ एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईने १९०४ साली पेटंट घेतलेल्या 'द लँडलॉर्ड्स गेम'मध्ये आहे. जमीनदारी आणि मक्तेदारी माणसाला कशी भिकेला लावते, हे लोकांना खेळातून कळावे हा तिचा हेतू होता. तिने दोन नियमावल्या बनवल्या होत्या. एकीत मक्तेदार जिंकतो, दुसरीत संपत्ती सर्वांमध्ये वाटली जाते. १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्सने तिचे पेटंट ५०० डॉलरला घेतले आणि जगात पोहोचली ती एकच नियमावली, दुसऱ्याला दिवाळखोर करून जिंकण्याची. विषय जमीनदारीचाच राहिला, पण नियम बदलताच संदेश उलटा झाला. ज्याच्या हातात नियम आणि वितरण, त्याचा विचार जिंकतो.

रोल प्लेइंग गेमकडे पाहा. १९७४ च्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'पासून या प्रकारात पात्र बनवताना आधी त्याचा वंश निवडायचा, आणि जन्मानेच कुणी चपळ, कुणी बुद्धिमान, कुणी नुसताच बळकट. जन्मावरून गुण ठरवणे म्हणजे काय, हे आपल्याला सांगायची गरज आहे का? कोट्यवधी मुले हे निमूटपणे स्वीकारत खेळत आली. त्याच खेळाच्या २०२४ च्या नियमपुस्तिकेत 'वंश' हा शब्द काढून टाकला गेला आणि गुणांची वाढ जन्माऐवजी पात्राच्या पूर्वायुष्याशी जोडली गेली. पन्नास वर्षे लागली. कारण प्रकाराचा नियम कुणाला विचार वाटत नाही, तो निसर्ग वाटतो. जातीचेही नेमके असेच आहे.

म्हणून भीमा कोरेगावच्या शूटरबद्दल आमचा दुसरा आक्षेप धंद्याचा नाही, विचाराचा आहे. शूटरमध्ये खेळणारा काय करतो? समोरच्याला गोळी घालतो. त्याच्या जागी नाझी ठेवा, झोंबी ठेवा, पेशवे ठेवा, हाताचे काम तेच राहते. त्या सैनिकाला गावात पाणी का मिळत नव्हते, हे गोळी झाडून कळत नाही. गेम संपतो तेव्हा खेळणाऱ्याला शौर्याची गुंगी येते, व्यवस्थेची समज येत नाही.

याउलट बाबासाहेबांनी जातीचे जे विश्लेषण केले आहे, ते गेमसाठी जणू तयार नियमच आहे. श्रेणीबद्ध विषमता. प्रत्येक पायरीवरच्या माणसाला वरचा तुडवतो, पण खालच्याला तुडवण्याची मुभाही देतो. त्यामुळे प्रत्येकाकडे गमावण्यासारखे थोडे काही असते आणि सगळे मिळून वरच्याविरुद्ध उभे राहत नाहीत. हे भाषणात सांगायला तास लागतो. पाच खेळाडूंना पाच पायऱ्यांवर बसवा. खालच्याकडून थोडे हिसकावले की लगेच फायदा, आणि एकजूट केली तर सगळ्यांचा फायदा, पण उशिरा आणि धोका पत्करून. अर्ध्या तासात त्यांना कळेल की ते का भांडत राहिले. यासाठी घोडा लागत नाही, तोफ लागत नाही. पुठ्ठा, सोंगट्या आणि फासे पुरतात. पुठ्ठ्यावर चालला तर तोच संगणकावर न्या.

लुकास पोप या डेव्हलपरने २०१३ मध्ये 'पेपर्स, प्लीज' बनवला. काल्पनिक हुकूमशाही देशातल्या सीमेवरच्या कारकुनाने येणाऱ्यांची कागदपत्रे तपासायची, इतकाच खेळ. टेबल, शिक्का आणि रांग. जगभर गाजला. आता आपल्याकडच्या जात पडताळणीचा विचार करा. प्रवेशाची शेवटची तारीख जवळ आलेली विद्यार्थिनी, आजोबांच्या शाळेचा दाखला, नावातल्या एका अक्षराचा फरक, पुन्हा हेलपाटा. किंवा शहरात भाड्याने घर शोधताना आडनाव विचारले जाते तो क्षण. हे प्रसंग आपल्या इतके कुणाला माहीत आहेत? इथे आपल्याशी स्पर्धा करू शकेल अशी एकही हजार माणसांची कंपनी जगात नाही. स्पर्धा समजून घेणे म्हणजे शेवटी हेच : जिथे भांडवल जिंकते ते मैदान सोडायचे आणि जिथे अनुभव जिंकतो ते निवडायचे.

'पण मग चळवळ विकायला काढायची का?'

हा प्रश्न आपल्यातले काही जण नक्की विचारतील. त्यांना आम्ही 'मूकनायक'ची आठवण देऊ. १९२० साली बाबासाहेबांनी ते पाक्षिक सुरू केले, तेव्हा पैसे घेऊनसुद्धा 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. वितरण कुणाच्या हातात आहे हा प्रश्न तेव्हाही होता. शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या मदतीशिवाय ते पत्र उभे राहिले नसते, आणि वर्गणीदारांच्या टंचाईने बाबासाहेबांच्या पत्रांना वारंवार ग्रासले. म्हणून बाबासाहेबांनी पत्रे काढणे सोडले नाही. 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत' अशी ती परंपरा चालत राहिली. विचार महान असला तरी कागद, छपाई आणि टपालाचा हिशेब चुकत नाही, हे त्यांच्याइतके कुणाला माहीत होते?

जगातल्या इतर वंचितांनीही हे केले आहे. अलास्कातल्या कुक इनलेट ट्रायबल कौन्सिल या आदिवासी संस्थेने स्वतःची गेम कंपनी काढली आणि अनुभवी डेव्हलपरना सोबत घेऊन २०१४ मध्ये 'नेव्हर अलोन' आणला. इनुपियाट लोकांची कथा, त्यांच्याच वडीलधाऱ्यांच्या सहभागाने, त्यांच्याच भाषेतल्या निवेदनासह. त्याला बाफ्टा पुरस्कार मिळाला. पोलंडच्या ११ बिट स्टुडिओजने त्याच वर्षी 'धिस वॉर ऑफ माईन'मध्ये युद्ध सैनिकाच्या नव्हे तर उपाशी नागरिकाच्या नजरेने दाखवले. प्रकार तोच, तगून राहण्याचा, नजर वेगळी. पुढे पोलंड सरकारने तो शाळांच्या वाचनयादीत घेतला. या दोघांनीही प्रकार नवा शोधला नाही. नजर आणि नियम आपले ठेवले.

आता करायचे काय?

१. पहिला गेम तीन महिन्यांत पूर्ण होईल एवढाच घ्या. न संपलेल्या महाकाव्यापेक्षा संपलेली कविता बरी.

२. ज्या प्रकारात उतरायचे त्यातले किमान वीस गेम पाहा. गाजलेले पाच आणि पडलेले पंधरा. पडलेल्यांच्या पानांवर लोकांनी काय लिहिले आहे ते वाचा. गाजलेल्यांपेक्षा पडलेले जास्त शिकवतात.

३. पोहोच आणि कमाई वेगळी करा. १४ एप्रिलच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरेल असा ब्राउझरमधला छोटा फुकट गेम हा एक उपक्रम. इच डॉट आयओवर तो विनामूल्य ठेवता येतो. जगाला विकायचा पीसी गेम हा दुसरा. एकाच गेमकडून दोन्ही अपेक्षा ठेवू नका.

४. साधने मुक्त निवडा. गोडो आणि ब्लेंडर फुकट आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटीने अचानक प्रत्येक इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केले आणि वर्षभर जगभरचे छोटे डेव्हलपर टांगणीवर राहिले. शेवटी ते रद्द झाले, पण दुसऱ्याच्या जमिनीवर घर बांधण्याचा धोका कळला.

५. आपले खरे भांडवल ओळखा. गुगल प्लेवर नव्या वैयक्तिक खात्याला गेम प्रसिद्ध करण्याआधी ठरावीक संख्येच्या परीक्षकांकडून चौदा दिवस तो तपासून घ्यावा लागतो. एकट्या डेव्हलपरला ही माणसे जमवताना घाम फुटतो. आपल्या एका वसतिगृहात, एका अभ्यासिकेत ती एका संध्याकाळी मिळतात. संघटन ही आपली ताकद आहे. विशलिस्टचे पहिले हजार आपल्या विहारांतून, मंडळांतून येऊ शकतात. त्यासाठी गेम तयार होण्याची वाट पाहू नका, सुरुवातीपासून सांगत राहा.

६. संघटनांनी जयंतीच्या वर्गणीतला एक छोटा हिस्सा यासाठी काढावा. एका डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात एका मुलीचे काही महिन्यांचे इंटरनेट आणि स्टीमचे शुल्क निघते. हे कुणाला झोंबले तरी आम्ही म्हणणार.

आणि भीमा कोरेगावचा गेम? तोही होईल. तीन छोटे गेम पूर्ण केलेली, बाजारात एकदा पडून उठलेली, हिशेब येणारी आपली एखादी टोळी तो बनवेल, आणि तेव्हा तो निव्वळ गोळीबाराचा नसेल. त्या दिवसापर्यंत पोहोचायचे तर आज छोट्या गोष्टीची लाज वाटता कामा नये. 'शिका' हा शब्द आपल्या घोषणेत पहिला आहे. गेमचे प्रकार शिकणे, बाजार शिकणे, हिशेब शिकणे हेही त्याच शब्दात येते.

जय भीम!